मनाची जखम : बोलून बरी करावी की अंगावाटे?



आपल्यापैकी एखाद्या घरात असे घडते. शहरात शिकायला गेलेला मुलगा सुट्टीत घरी येतो आणि रात्र रात्र झोपत नाही. दाराची कडी वाजली की दचकतो. जेवायला बसला की घास तोंडात फिरतो, छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो. डॉक्टर रक्त तपासतात, ईसीजी काढतात आणि शरीरात काही दोष नाही असे सांगतात. मग सल्ले सुरू होतात. शेजारचे मास्तर म्हणतात, याला समुपदेशकाकडे न्या, मनातले एकदा मोकळे होऊ द्या. मावशी म्हणते, बोलून काय होणार? खपली काढू नका. याला श्वासाच्या, योगासनांच्या शिबिराला पाठवा, अंगात बसलेली भीती अंगातूनच निघेल. आईबाप दोघांच्या तोंडाकडे पाहत राहतात. जवळचा पैसा एकाच ठिकाणी पुरेल इतका. कोणाचे ऐकावे?

हा प्रश्न वरवर वैद्यकाचा दिसतो. पण त्यात नीतीचाही प्रश्न आहे. दुसऱ्याच्या दुःखात कोणत्या दाराने शिरायचे, आणि ते दार उघडण्याचा अधिकार कोणाचा? माणसाला बोलते करणे हा उपकार आहे की कधी कधी जुलूम? आणि थरथरणारे अंग शांत केले म्हणजे ज्याने ते थरथरायला लावले त्याला सोडून दिले, असे होते काय? याचा विचार आपण प्रत्येकाने स्वतःच्या बुद्धीने केला पाहिजे. तज्ज्ञ म्हणतो म्हणून नव्हे आणि पुस्तकात छापले आहे म्हणूनही नव्हे.

प्रथम आपली बोली पाहा. आपली आजी कधी म्हणाली नाही की मला नैराश्य आले आहे. ती म्हणाली, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते. जीव घाबरा होतो, पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, डोक्याला मुंग्या येतात, काळजात धस्स होते. मराठी माणसाने मनाचे दुखणे सदैव अंगाच्या शब्दांत सांगितले. शिकलेल्या लोकांना हा अडाणीपणा वाटतो. पण यात मोठे शहाणपण आहे. धम्मात मन आणि शरीर यांचा जोडशब्द ‘नामरूप’ असा एकच आहे. विज्ञान आणि नामरूप ही बोरूच्या दोन पेंढ्यांप्रमाणे एकमेकींना टेकून उभी असतात, एक काढली की दुसरी पडते, असा दृष्टान्त सारिपुत्ताने दिला आहे. तेव्हा मास्तर आणि मावशी यांचे भांडण मुळातच एका खोट्या भिंतीवरून चालले आहे. मात्र ‘दोघांचेही बरोबर’ एवढे म्हणून सुटता येत नाही, कारण आधी कुठे जायचे हे तर ठरवावेच लागते.

बोलण्याच्या उपचाराचा जन्म कसा झाला, तो इतिहास आपण जाणून घेण्यासारखा आहे. व्हिएन्ना शहरात १८८० साली बर्था पापेनहाइम नावाची एकवीस वर्षांची ज्यू मुलगी आजारी वडिलांची शुश्रूषा करता करता स्वतःच आजारी पडली. उजवा हात लुळा झाला. नजरेत दोष आला. मातृभाषा जर्मन, पण ती तोंडातून निघेना; काही काळ ती फक्त इंग्रजी बोले. योसेफ ब्रॉयर हे डॉक्टर रोज तिच्याजवळ बसून तिचे ऐकत. एखादे लक्षण पहिल्यांदा केव्हा दिसले ते ती आठवून सांगे आणि त्यानंतर ते लक्षण हटे, असे ब्रॉयरांनी नोंदवले. या प्रकाराला ‘बोलण्याचा इलाज’ हे नाव तिनेच दिले; थट्टेत ती त्याला ‘धुराडे झाडणे’ म्हणे. पुढे १८९५ साली ब्रॉयर आणि फ्रॉइड यांनी तिची हकीकत टोपणनावाने छापली आणि त्यातून संवादोपचाराची सारी परंपरा निघाली.

वाचकहो, या हकीकतीतल्या दोन गोष्टींकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही. पहिली अशी की, ज्या उपचाराला आपण केवळ शब्दांचा म्हणतो त्याचा पहिला रोगी म्हणजे एक लुळा हात होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ती मुलगी ब्रॉयरांच्या उपचाराने पुरती बरी झाली नाही. १८८२ साली तिला आरोग्यभवनात ठेवावे लागले. पुढे काही वर्षांनी ती सावरली आणि समाजकार्यात पडली. १९०४ साली तिने जर्मनीत ज्यू स्त्रियांचा संघ उभारला, १९०७ साली निराधार मुली आणि कुमारी माता यांच्यासाठी घर काढले, स्त्रियांच्या विक्रीविरुद्ध जन्मभर लढली. तिला कशाने बरे केले याचा निकाल मी देत नाही. पण जिला घरात बोलायला बंदी होती ती नंतर जगापुढे बोलली, एवढे खरे.

आणि बोलायला बंदी म्हणजे काय, हे आपल्याला परक्याने शिकवायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी पत्र काढले तेव्हा त्याचे नाव ‘मूकनायक’ ठेवले. ज्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या ‘उत्तर देऊ नको’ असे सांगितले गेले, त्या समाजातल्या एखाद्या बाईचे किंवा मुलाचे म्हणणे कोणी तासभर मान हलवत, मध्ये न तोडता ऐकून घेते, ही लहान गोष्ट नाही. कित्येकांच्या आयुष्यात तो पहिलाच तास असतो. म्हणून ‘बोलून काय होणार’ हे मावशीचे वाक्य मला मान्य नाही.

परंतु बोलणे आणि बोलायला लावणे यांत फार मोठे अंतर आहे. आपल्या घरात प्रेमापोटी काय होते? बाप विचारतो, सांग काय झाले. काका विचारतो, मग मामा. प्रत्येकापुढे तीच कहाणी, तेच मारणे, तीच शिवी. एके काळी तज्ज्ञांचीही अशीच समजूत होती की अपघातानंतर लगेच, एकाच बैठकीत, सारे काही ओकून टाकायला लावले म्हणजे पुढचा त्रास टळतो. ब्रिटनमध्ये भाजलेल्या रुग्णांवर हे करून पाहिले गेले. १९९७ साली निष्कर्ष छापून आला. तेरा महिन्यांनंतर, ज्यांना असे बोलते केले होते त्यांच्यापैकी २६ टक्के लोकांना आघाताचा मानसिक आजार होता. ज्यांना तसेच सोडले होते त्यांच्यात ९ टक्के. पहिल्या गटाच्या जखमा मुळात थोड्या अधिक होत्या, म्हणून सारा दोष त्या बैठकीवर टाकता येत नाही. पण पुढे अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला तेव्हाही फायदा दिसला नाही. तेव्हा लेकराला घटना खोदून विचारणे थांबवा. तो सांगेल तेव्हा ऐका.

आता अंगाची बाजू. धोका दिसला की मेंदू विचार करत बसत नाही. हृदय जोरात चालते, श्वास आखूड होतो, स्नायू ताठतात. धोका टळला की हे ओसरावे. पण ज्याला पळताही आले नाही आणि प्रतिकारही करता आला नाही, त्याचे अंग कधी कधी तसेच ताठ राहते. महिने लोटतात, माणूस सुरक्षित घरात बसलेला असतो, आणि अंग मात्र त्या खोलीतच असते. १९९६ साली अमेरिकेतील संशोधकांनी आठ रुग्णांना त्यांच्याच आघाताचे वर्णन ऐकवून मेंदूचे चित्र घेतले, तेव्हा भीतीशी संबंधित भाग जागा झाला आणि शब्द जुळवणाऱ्या भागाचे काम मंदावले. आठ माणसे म्हणजे फार थोडी. त्यावर इमला बांधू नये. पण ‘तोंडून शब्द फुटेना’ असे आपण म्हणतो, त्याला काही शारीरिक आधार असावा, एवढे त्यातून सूचित होते.

आपल्यापुरते बोलायचे तर अपमान केवळ शब्दांनी झालेला नाही, तो अंगावर लादला गेला. कोठे उभे राहावे, किती वाकावे, कोणाच्या पाणवठ्याला हात लावू नये, नजर कोठे ठेवावी, हे सारे शरीराला शिकवलेले धडे होते. म्हणूनच २० मार्च १९२७ रोजी महाडला लोकांनी केवळ ठराव केला नाही. ते चालत तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्यायले. ज्या हाताला बंदी होती त्याच हाताने ते पाणी घेतले. त्याला कोणी उपचार म्हणत नाही, आणि म्हणूही नये, तो हक्काचा लढा होता. पण ताठ चालण्याने माणसाच्या आत काय होते, हे ज्या घरांत महाडच्या आठवणी सांगितल्या जातात त्यांना ठाऊक आहे.

येथे एक सावधगिरी. अंगावाटे दुःख काढण्याची एक जुनी पद्धत आपल्या वाड्यावस्त्यांत होतीच. अंगात येणे! ज्या सुनेला सासऱ्यापुढे डोक्यावरचा पदर ढळू देण्याची मुभा नव्हती, ती अंगात आल्यावर त्याच सासऱ्याला एकेरी हाक मारी, आणि तो हात जोडून उभा राही. तिला घटकाभर मोकळीक मिळे हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु ते बोलणे तिचे नसून देवीचे मानले जाई. म्हणून तिची तक्रार कधी तिच्या नावावर जमा झाली नाही, आणि दुसऱ्या दिवशी चूल, मार आणि मौन पूर्ववत सुरू. याहून वाईट म्हणजे भूत काढण्याच्या नावाखाली फटके, मिरचीची धुरी आणि साखळदंड. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे दर्ग्याजवळच्या एका आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळ्यांनी बांधलेले पंचवीसहून अधिक मनोरुग्ण पळू न शकल्याने जळून मेले. महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने असे अघोरी प्रकार गुन्हा ठरले आहेत, आणि २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळी घालण्यास मनाई केली आहे. आपण देव्हारे सोडले. आता तीच मांत्रिकाची गादी जर ‘ऊर्जा’, ‘कंपने’ असे शब्द घेऊन परत आली तर तिला ओळखता आले पाहिजे.

मग दोन्ही बाजूंचा पुरावा किती? खरे सांगायचे तर बोलण्याच्या बाजूने अधिक आहे. आघाताच्या आठवणीला जाणकाराच्या सोबतीने, हळूहळू, अनेक बैठकांतून सामोरे जाणे आणि ‘दोष माझाच’ यासारखे विचार तपासणे, या पद्धतींवर पुष्कळ प्रयोग झाले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ साली प्रौढांसाठी अशा विचारोपचाराची आणि डोळ्यांच्या हालचालीसह आठवण हाताळण्याच्या पद्धतीची शिफारस केली. तरीही हे रामबाण नव्हे. अमेरिकी सैनिकांवरील प्रयोगांचा २०१५ साली आढावा निघाला, त्यात उपचार संपल्यावरही सुमारे दोन तृतीयांश सैनिक आजाराच्या व्याख्येत बसतच होते. दुसऱ्या बाजूला, २०१४ साली अमेरिकेत ६४ स्त्रियांवर दहा आठवड्यांच्या योगवर्गाचा प्रयोग झाला. या स्त्रिया वर्षानुवर्षे उपचार घेऊनही बऱ्या झालेल्या नव्हत्या. योगवर्गातील ३१ पैकी १६ जणी आजाराच्या व्याख्येबाहेर आल्या. तुलनेच्या गटातील २९ पैकी ६. आकडा आशादायक आहे, पण संशोधकांनी योगाला जोडीचा उपचार म्हटले आहे, एकमेव नव्हे. शरीरातील संवेदनांवरून काम करणारी पीटर लेव्हाइन यांची पद्धत जगभर पसरली आहे. तिच्यावर २०१७ साली इस्राएलमध्ये ६३ जणांवर प्रयोग झाला, निष्कर्ष चांगला आला. पण असे प्रयोग अजून मोजकेच आहेत.

माझे मत असे : ज्याला बोलता येते आणि बोलावेसे वाटते त्याने बोलण्याच्या उपचारापासून सुरुवात करावी. ज्याचे नाव काढताच अंग कापते, शब्द अडतो, झोप नाही, अन्न नाही, त्याच्या अंगाला आधी उसंत द्यावी. झोप, चालणे, श्वास, ऊन, वेळेवर जेवण, आणि गरज पडली तर डॉक्टरांची गोळी. शब्द मागाहून येतील. आणि नाही आले तरी तो माणूस अपुरा राहिला असे समजू नये.

पटाचारेची कथा आपण विहारात ऐकली असेल. नवरा सर्पदंशाने गेला, तान्हे मूल ससाण्याने उचलले, थोरले नदीत वाहून गेले, आणि माहेरी पोचते तो आईबाप व भाऊ वादळात घर कोसळून गेलेले. अंगावरचे वस्त्र गळून पडले तरी तिला भान नव्हते. लोक वेडी म्हणून ढेकळे मारीत. ती जेतवनात आली तेव्हा भगवंतांनी तिला अडवू दिले नाही. ‘काय झाले ते सांग’ असेही म्हटले नाही. भगिनी, भानावर ये, एवढाच शब्द. ती भानावर आली, उघड्या अंगाची लाज वाटून खाली बसली, तेव्हा कोणा एका माणसाने आपले उपरणे तिच्याकडे टाकले. ते तिने अंगाला गुंडाळले. त्यानंतर ती बोलली, आपणहून बोलली, आणि मग उपदेश झाला. शब्द आधी की वस्त्र आधी, याची काळजीपूर्वक मांडणी या कथेत आहे. आणि ते उपरणे टाकणाऱ्या माणसाचे नाव कथेत नाही, हेही मला आवडते.

आता सर्वांत अवघड मुद्दा. समजा, त्या मुलाला वसतिगृहात आडनावावरून रोज टोचले जात होते. श्वास शिकवला, झोप आली, धडधड थांबली आणि आपण त्याला त्याच खोलीत परत पाठवले. आपण त्याला बरे केले की अन्याय सोसायला तयार केले? काहीजण म्हणतील, बाण लागलेल्या माणसाने बाण कोणी मारला हे विचारत बसू नये, आधी बाण काढून घ्यावा, असे तथागतांनीच मालुंक्यपुत्ताला सांगितले. बरोबर. पण तो दृष्टान्त जग शाश्वत की अशाश्वत असल्या निष्फळ प्रश्नांसाठी होता. येथे बाण मारणारा अजून धनुष्य घेऊन दारात उभा आहे. बाण काढायचा आणि त्याचे धनुष्यही काढून घ्यायचे. एक झाले म्हणून दुसरे टळत नाही. २०१९ साली रोहित वेमुला आणि डॉ. पायल तडवी यांच्या माता सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्या उच्च शिक्षणसंस्थांतील जातिभेद रोखण्याची यंत्रणा मागण्यासाठी. दुःखाचे मूळ माणसामाणसांतील व्यवहारात असते ही बाबासाहेबांची शिकवण जो समुपदेशक ध्यानात घेत नाही, ‘तूच फार मनाला लावून घेतोस’ असे म्हणतो, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. तसेच जो अंगाचा उपचारक ‘सारे तुझ्याच स्नायूंत आहे’ म्हणतो, त्याच्याकडेही नको.

याउलट, आमच्यातले काही कार्यकर्ते म्हणतात की शांत झालेला माणूस लढत नाही, म्हणून हे उपचार म्हणजे अफू. हे मला पटत नाही. रात्रभर जागलेला, घास न उतरणारा मुलगा अर्ज लिहू शकत नाही, साक्ष देऊ शकत नाही, परीक्षाही देऊ शकत नाही. त्याची झोप ही कोणाशी केलेली तडजोड नव्हे. आणि तक्रार करायची की नाही, केव्हा करायची, हेही त्यानेच ठरवायचे. त्याच्या दुःखाचा झेंडा करून आपण मिरवू लागलो तर आपणही त्याचे अंग वापरलेच.

ध्यानाविषयी थोडे. इगतपुरीचे विपश्यना केंद्र १९७६ पासून चालू आहे आणि आपल्यातले पुष्कळ लोक तेथे जातात. ज्यांना लाभ झाला त्यांच्याशी मला वाद घालायचा नाही. पण दहा दिवस मौन पाळून अंगातल्या संवेदना पाहत बसणे, हे ताजी जखम असलेल्याला जड जाऊ शकते. त्याला अंगात नेमके तेच भेटते ज्यापासून तो पळत असतो. प्रवेशअर्जात मानसिक आजाराबद्दल विचारतात, तेथे खरे लिहावे. जागा मिळणार नाही या भीतीने लपवू नये.

पैशाचे काय? गोव्यात १० सरकारी आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर एक प्रयोग झाला, त्याचा निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाला. उपचार देणारे डॉक्टर नव्हते; प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसे होती. सहा ते आठ बैठका. त्यांत बोलणे तर होतेच, पण भर होता तो रोज काहीतरी करण्यावर : सुटलेली कामे, भेटीगाठी पुन्हा थोड्या थोड्या सुरू करणे. तीन महिन्यांनी त्यांच्यापैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते. नेहमीच्याच उपचारावर असलेल्यांत ३९ टक्के. हा उपचार शब्दाचा म्हणावा की हातापायांचा? तेव्हा महागड्या दवाखान्यावाचून अडत नाही. सरकारची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६, मराठीतही बोलता येते, पैसे पडत नाहीत.

कोणाकडेही गेलात तरी पहिल्या भेटीत विचारा : शिक्षण काय, किती बैठका, किती खर्च, बरे वाटले नाही तर पुढे काय. चिकित्सा करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, ती दाखवायला सांगण्यात उर्मटपणा नाही. शिबिरे घेणाऱ्या अनेकांपाशी असे काही नसते. अंगाला हात लावण्याची गरज असेल तर आधी विचारले पाहिजे, आणि मुलीने ‘नको’ म्हटले तर ते तेथेच संपले पाहिजे. घरच्यांनी ‘गुरुजी आहेत, काही होत नाही’ असे म्हणू नये. महिना-दोन महिन्यांनी झोप, भूक, कामात लक्ष, यांत काही फरक पडला का ते पाहा. नसेल तर उपचार बदला; उपचारकाला वाईट वाटेल म्हणून थांबू नका.

आणि पहिल्या दिवशी मुलाला एकटे पाठवू नका. घरातल्या कोणी तरी सोबत जावे, बाहेरच्या बाकावर बसावे, आणि तो बाहेर आला की आत काय बोलणे झाले ते न विचारता त्याला चहा पाजून घरी आणावे.